तान्ह्यांचे व्हिटॅमिन डी३ ड्रॉप्स: औषध चांगलं, घोळ ड्रॉपरचा

पहिलं वर्षभर बाळाला रोज ४०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) डी द्यायचं. दुकानात मात्र मिलीला ४०० आणि ८०० आययू अशा दोन्ही बाटल्या मिळतात. ८००ची असेल तर अर्धा मिलीच. लेबल न वाचता ड्रॉपर भरू नका, आणि जुन्या बाटलीचा ड्रॉपर नवीला तर मुळीच नको. आईच्या दुधात डी फारच कमी, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळालाही हे हवंच. डी कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम-फॉस्फरस नीट शोषलं जात नाही, हाडाच्या वाढत्या टोकाची कूर्चा खनिजाविना मऊ राहते. मनगटं रुंदावतात, चालू लागल्यावर पाय वाकतात. ड्रॉप्सची चव गोडसर, बाळं कुरकुरत नाहीत. मोठ्यांची ६०,०००ची पुडी मात्र बाळापासून लांबच ठेवा.