रॅकेट बसणारी शाळेची सॅक: एकच जागा दोनदा विकली जाते

शाळेच्या दप्तरातच बॅडमिंटनची रॅकेट बसावी म्हणून जी सॅक घेतली जाते, तिच्यात सहसा धडधडीत खोटं बोललेलं नसतं. वर्णनात ‘३५ लिटर’ असतं, ‘२ रॅकेट’ असतं, आणि दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या पाहिल्या तर ओढूनताणून खऱ्याही ठरतात. पण ३५ लिटर मोजताना रॅकेटचा कप्पा रिकामा धरलेला असतो आणि दोन रॅकेट बसवून दाखवताना पुस्तकांचा. जागा एकच, गिऱ्हाइकाला विकली दोनदा. हे लक्षात येतं ते वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण दप्तर भरायची वेळ येते तेव्हा, आणि तोवर टॅग कापून झालेला असतो.

एका पालकांनी ऑनलाइन मागवलेली अशी एक सॅक टाके उसवून तपासली. वर्णनातली मापं ४८ × ३२ × २२ सेंमी. गुणाकार ३३.८ लिटर, त्याचे विक्रेत्याने ३५ केलेले. ही मापं बाहेरची, तीसुद्धा पुढचे खिसे ठासून भरून घेतलेली. आतून टेप लावल्यावर भरलं ४४ × २८ × १६, म्हणजे १९.७ लिटर. रॅकेटच्या कप्प्यात दोन रॅकेट घातल्या की ग्रिपच्या जाडीमुळे निदान ४ सेंमी खोली जाते. तिचे जवळजवळ ५ लिटर वजा केले की पुस्तकं, डबा, बाटली आणि बूट या सगळ्यांना मिळून पंधरा लिटरही उरत नाहीत. पैसे मात्र पस्तिसाचे मोजलेले.

लिटरचा घोटाळा निदान टेपने पकडता येतो. खरी लबाडी अस्तराच्या आत होती. रॅकेटचा कप्पा आणि पुस्तकांचा कप्पा यांच्यामध्ये फोम नव्हता, कडक शीट नव्हती, होतं फक्त एकपदरी पातळ अस्तर. पुस्तकं भरली की हे अस्तर फुगून रॅकेटच्या बाजूला सरकतं आणि पुस्तकांचे कोपरे थेट तारांवर आणि फ्रेमवर टेकतात. ग्राफाइटची फ्रेम गटिंगचा, म्हणजे तारा ओढून बसवण्याचा, २२-२४ पाउंडांचा ताण सहज पेलते, कारण तो ताण तिच्या स्वतःच्या पातळीत असतो आणि चहूबाजूंनी सारखा वाटला जातो. आडवा दाब आणि पीळ यांच्यासाठी ती तेवढी तयार नसते. त्यात मूल दप्तर बाकावर आपटतं, वर दुसऱ्याचं दप्तर येऊन पडतं. फ्रेमवर केसाएवढी चीर जाते, ती रंगाखाली दिसत नाही, आणि पुढच्या गटिंगच्या वेळी मशीनवरच फ्रेम मोडते. मग दोष गटिंगवाल्याच्या माथी.

त्याच सॅकमध्ये ‘थर्मल कप्पा’ होता. चकचकीत चंदेरी अस्तर पाहून कोणालाही वाटेल की उन्हापासून तारा सांभाळल्या जातील. उसवल्यावर निघाली नुसती चंदेरी फिल्म लावलेलं कापड. तिच्यामागे फोमचा थर नसेल तर उष्णता अडायला फारसं काही राहतच नाही, आणि ही फिल्म घड्यांवर लवकरच सोलवटायला लागते. उष्णतेने तारांचा ताण उतरतो हे खरं, पण शाळेच्या दप्तरात ‘थर्मल’साठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. बंद गाडीत उन्हात सॅक ठेवायची नाही, एवढं पुरतं. बुटांच्या कप्प्याचीही तीच तऱ्हा. बाहेरून हवेसाठी चार धातूची छिद्रं ठोकलेली, आणि आतलं अस्तर त्या छिद्रांच्या मागे अखंड! कप्प्यात मोबाइलचा टॉर्च लावून चेन बंद केली की बाहेर उजेडाचा एक ठिपका दिसत नव्हता. घामट बूट त्यात कोंडले की वास आणि ओल दोन्ही पुस्तकांकडेच जाणार. ही टॉर्चची परीक्षा दुकानातही अर्ध्या मिनिटात होते.

आता फोटोविषयी, कारण ऑनलाइन फसवणुकीची सुरुवात तिथूनच होते. बॅडमिंटनच्या नियमाप्रमाणे रॅकेटची फ्रेम, ग्रिपसकट, ६८० मिमीपेक्षा लांब आणि २३० मिमीपेक्षा रुंद असता कामा नये. मोठ्यांच्या बहुतेक रॅकेट ६६.५ ते ६७.५ सेंमी लांब असतात. शाळेच्या सॅकची उंची ४५ सेंमीच्या आसपास. म्हणजे रॅकेट डोकं खाली, ग्रिप वर अशी ठेवली तर तिचा तिसरा हिस्सा, जवळपास २२ सेंमी, सॅकच्या बाहेर राहणारच. पूर्ण ग्रिप बाहेर, तिच्याखालचा शंकूही बाहेर, आणि शाफ्टचा, म्हणजे मधल्या बारीक दांडीचासुद्धा थोडा भाग. फोटोत ग्रिपचं फक्त टोक डोकावत असेल तर तीनच शक्यता: सॅक ६० सेंमीहून उंच आहे, रॅकेट लहान मुलांची आखूड आहे, किंवा चित्र संगणकावर जोडलेलं आहे. आखूड रॅकेट वापरणं हा सगळ्यात आवडता डाव, कारण तो सिद्ध करणं अवघड. मूल आज आखूड रॅकेट वापरत असलं तरी सॅक पूर्ण लांबीच्या रॅकेटच्या हिशेबानेच घ्यावी. रॅकेट लवकर बदलते, सॅक तशी बदलली जात नाही.

मग ७० सेंमी उंचीची, रॅकेट पूर्ण गिळणारीच सॅक का घेऊ नये? स्पर्धेला जाताना घ्या. १४० सेंमी उंचीच्या मुलाच्या पाठीवर ती त्याच्या निम्म्या उंचीची होते, खालचा काठ मांड्यांवर आपटतो, वरचा डोक्याला लागतो, आणि पुस्तकं तळाशी जाऊन बसल्याने सगळं ओझं कमरेखाली लोंबतं. रोजच्या शाळेला ग्रिप बाहेर राहणारी सॅकच सोयीची, फक्त ती नीट बनवलेली हवी.

नीट बनवलेली कशावरून ओळखायची, तर आधी ग्रिप जिथून बाहेर येते ती जागा पाहावी. स्वस्त सॅकमध्ये तिथे वेगळी सोय नसते. चेनचे दोन रनर, म्हणजे दातांवर सरकणारे धातूचे तुकडे, दोन्हीकडून ओढून आणायचे आणि मधल्या फटीतून रॅकेट बाहेर काढायची. या फटीत ग्रिप नसते, शाफ्ट असतो. शाफ्ट जेमतेम ७ मिमी जाडीचा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी धातूचे रनर टेकलेले. मूल चालेल तसे पावलागणिक ते घासतात. आधी रंग जातो, मग शाफ्टभोवती एक बारीक खरवडलेली रेघ उमटते. ही रेघ साधी समजू नये. शाफ्टला वाक बसतो तेव्हा अशा खाचेपासूनच तो तडकण्याची भीती असते. चांगल्या सॅकमध्ये या जागी कापडी काठ लावलेली छोटी चीर असते, किंवा रनर जिथे थांबतात तिथे जाड कापडाची जीभ असते आणि वर वेल्क्रोचा बंद. पावसाचं पाणीही इथूनच आत शिरतं. ‘रेनकव्हरसह’ असं लिहिलेलं असलं तरी कव्हर खरोखर आत आहे का ते तळाचा खिसा उघडून बघा, कारण कित्येकदा नुसता खिसाच असतो. असलंच, तरी ते बाहेर आलेल्या ग्रिपवर बसेलच असं नाही.

दुसरी जागा तळ. रॅकेटचं डोकं खाली असतं, म्हणजे दप्तर जमिनीवर टेकवताना पहिला धक्का फ्रेमच्या टोकाला. रॅकेट स्वतः ८०-९० ग्रॅमची, पण खाली येताना तिच्याबरोबर चार-पाच किलोचं दप्तर असतं. म्हणून रॅकेटच्या कप्प्याचा तळ सॅकच्या तळापेक्षा निदान २-३ सेंमी वर शिवलेला हवा आणि त्याखाली ८-१० मिमी फोम हवा. हात आत घालून बोटांनी तळ चाचपा. बोटांना थेट टेबल लागलं तर त्या कप्प्याला रॅकेटचा कप्पा म्हणण्यात अर्थ नाही. फोम अंगठ्याने दहा सेकंद दाबून सोडा. खड्डा तसाच राहिला तर तो साधा स्पंज आहे, थोड्याच दिवसांत चपटा होईल. पाठीकडच्या बाजूला पुठ्ठाही भरलेला सापडतो. तो एका पावसात विरघळतो.

रुंदीही आतून मोजायची. फ्रेम कमाल २३ सेंमीची, त्यामुळे कप्पा तळाशी २४-२५ सेंमी तरी हवा. दिसायला छान म्हणून सॅक खाली निमुळती करतात आणि नेमकी तिथेच, जिथे रॅकेट सगळ्यात रुंद असते, शिवणी फ्रेमला चिमटतात. कप्पा कुठल्या बाजूला असावा यावर मतं वेगळी असतील, पण शाळेसाठी तो पाठीपासून दूर, बाहेरच्या अंगाला असलेला बरा. जड पुस्तकं पाठीला चिकटून राहतात आणि ग्रिप मानेमागे टोचत नाही. मात्र अशा कप्प्याला बाहेरून कडक शीट हवीच, कारण मूल भिंतीला टेकून बसणारच.

‘टेनिस आणि बॅडमिंटन दोन्हींसाठी’ असं लिहिलेल्या सॅकला घाबरायचं कारण नाही. टेनिसची नेहमीची रॅकेट ६८.५ सेंमीची आणि डोक्याला बरीच रुंद, त्यामुळे तिच्यासाठी बनवलेल्या कप्प्यात बॅडमिंटनची आरामात जाते, थोडी हलते इतकंच. शटलच्या डब्याची जागा मात्र तपासा. बारा शटलची नळी सुमारे ४० सेंमी लांब आणि ७ सेंमी जाडीची असते. बाजूच्या जाळीच्या खिशात ती उभी राहते, पण वरून पट्ट्याने बांधलेली नसली तर वाकल्यावर पहिली तीच निसटते.

कापडाच्या आकड्यांवर फार वेळ घालवू नये. ‘९०० डी’, ‘१६८० डी’ हा डेनियरचा आकडा, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. धागा जाड, एवढंच तो सांगतो. वीण विरळ आहे की घट्ट आणि आतला लेप कसा आहे याबद्दल काहीच नाही. शिवाय छापलेला आकडा घरी तपासता येत नाही, हे विक्रेत्यालाही ठाऊक असतं. चेन मात्र तपासता येते. चेनचा नंबर म्हणजे बंद दातांची साधारण मिमीमधली रुंदी. पुस्तकांच्या कप्प्याला ८ किंवा १० हवी. ५ नंबरची चेन भरल्या दप्तराच्या ताणाने फाकण्याची शक्यता जास्त. नामांकित कंपनीचं नाव फक्त खेचणीवर असेल आणि रनरच्या अंगावर नसेल तर शंका घ्या, खेचणी कुठलीही अडकवता येते. पट्टा वरच्या शिवणीत जातो तिथे सॅक उलटी करून पाहा: पट्टा आत ३-४ सेंमी गेलेला आणि चौकोनात फुली अशी शिवण हवी. सेंटीमीटरभर आत जाऊन एकेरी टाक्यावर अडकलेला पट्टा तिथूनच उसवतो.

सॅक घरी आली की पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ घ्या, टॅग तसाच ठेवा आणि त्याच दिवशी घरातच पूर्ण भरा. आधी सगळ्यात जड वाराची पुस्तकं, डबा, भरलेली बाटली, बूट, रॅकेट शेवटी. हाच क्रम महत्त्वाचा. रॅकेट आधी घातली की ती नेहमीच बसते. सगळं भरल्यावर रॅकेट न ढकलता आत जाते का, चेन एका हाताने लागते का, बाहेरून दाबल्यावर पुस्तकाचा कोपरा हाताला लागतो का, हे बघा. मग मुलाच्या पाठीवर चढवा, त्याला वाकायला आणि मान मागे करायला सांगा. वजनही करा, मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास राहावं असं सर्वसाधारणपणे धरतात, आणि रिकामी सॅकच सव्वा किलोची असेल तर ते जमणं कठीण.

परत करताना ‘क्वालिटी खराब आहे’ असं लिहू नका, त्यावर उत्तर ठरलेलं असतं. ‘वर्णनात खोली २२ सेंमी, प्रत्यक्षात आतून १६, वर्णनात पॅडेड कप्पा, प्रत्यक्षात एकपदरी अस्तर’ असं लिहा आणि टेप लावलेला फोटो जोडा. वर्णनाच्या पानाचा स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढून ठेवलेला असावा, कारण तक्रारीनंतर वर्णन बदलल्याचंही दिसतं. त्या वरच्या सॅकचं नेमकं हेच झालं: विक्रेत्याने ‘वॉरंटी फक्त चेनवर’ म्हणून आधी हात वर केले, आणि जुन्या वर्णनाचा स्क्रीनशॉट गेल्यावर पैसे परत दिले.

मुदत उलटून गेली असेल तर सॅक फेकू नका. दोन-तीन मिमी जाडीची प्लास्टिकची लवचीक शीट घ्या, फाइलची जाड पाठही चालते. कप्प्याच्या मापाची, साधारण ४० × २४ सेंमी, कापा, कोपरे गोल करा, कडांना टेप लावा आणि पुस्तकं व रॅकेट यांच्यामध्ये अस्तराला वेल्क्रोने चिकटवा. तळाला जुन्या योगा मॅटचे दोन थर ठेवा. रॅकेट तिच्या स्वतःच्या फोमच्या कव्हरमध्येच घाला आणि शाफ्ट रनरला टेकतो तिथे जुन्या ग्रिपची पट्टी दोन वेढे गुंडाळा.