गुपचूप मरण की आरडाओरडा करत मरण?

नाशिकची मुलं द्राक्षबागेतली छाटणी बघत मोठी होतात. वेल जगावी म्हणून काडी कापायची, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. पेशींचं नियोजित मरण शिकवताना मी तिथूनच सुरुवात करते.

या मरणाचे दोन प्रकार पाहू: गुपचूप होणारं अपॉप्टोसिस आणि आरडाओरडा करणारं पायरॉप्टोसिस. दोन्हीकडे कात्री एकाच घराण्यातली: कॅस्पेज नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम्स. फरक आहे तो काय कापलं जातं यात.

अपॉप्टोसिसमध्ये बहुतेकदा मायटोकाँड्रियातून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातून, सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर पडतं, त्यामुळे कॅस्पेज-९ जागं होतं आणि ते कॅस्पेज-३ला कामाला लावतं. कॅस्पेज-३ डीएनए तोडणाऱ्या विकराचा लगाम कापतं, पेशीचा सांगाडा मोडतं. पेशी आक्रसते, तिच्या पुरचुंड्या होतात आणि भक्षक पेशी त्या गिळून टाकतात. शेजारी दाह होत नाही. गर्भात आपली बोटं सुटी होतात ती यामुळेच. हे नाव १९७२ साली दिलं गेलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

पायरॉप्टोसिस नेमकं उलट. जंतू शिरल्याची खूण मिळताच कॅस्पेज-१ गॅसडर्मिन-डी नावाचं प्रथिन कापतं. त्याचे तुकडे पेशीच्या पटलाला भोकं पाडतात, पेशी फुगून फुटते, दाह पेटतो.

मुलं विचारतात, यातलं चांगलं कुठलं? रोजच्या झाडलोटीला पहिलं, घरात चोर शिरला तर दुसरं. पण पहिलं अडलं तर कर्करोगाला वाट मिळते, आणि दुसरं अनावर झालं तर सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेलगाम प्रतिसादात, शरीराचंच नुकसान होतं.