माळव्याच्या काळ्या मातीत मेटल डिटेक्टर: शेतीचा एक पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

यंत्र मधल्या किमतीतलं आहे. एकच फ्रिक्वेन्सी, १२ किलोहर्ट्झ, अकरा इंची डीडी कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची चकती; डीडी म्हणजे तिच्या आत इंग्रजी 'डी'च्या आकाराची दोन वेटोळी), आतच लिथियम बॅटरी, वजन सव्वा किलोच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातली सगळी यंत्रं एकमेकांच्या फार जवळ आहेत, आणि इंदूरच्या आसपास ज्याला हा छंद करायचाय त्याला यंत्राआधी इथली माती समजायला हवी. वापरलं ते फक्त मामांच्या शेतात, सांवेरच्या बाजूला. गावाचं नाव लिहिणार नाही, त्याचं कारण पुढे येईल.

आधी निकाल: छंद म्हणून पैसे वसूल. गुप्तधन शोधायला घेत असाल तर घेऊ नका.

आता माती. माळव्याचं पठार म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट आणि त्याच्यापासून झालेली काळी कापसाची जमीन. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, म्हणजे लोहचुंबकाला ओढलं जाणारं खनिज. डिटेक्टरची कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते आणि परत येणारा प्रतिसाद ऐकते. आपल्याकडे नाण्याच्या आधी मातीच उत्तर देते. परदेशी व्हिडिओंमध्ये यंत्र चालू करून माणूस सरळ हिरवळीवर चालायला लागतो. तसं इथे केलं तर कानात नुसता किचकिचाट.

म्हणून यंत्र घेताना बाकी काही नसलं तरी चालेल, पण ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज यंत्राला ओळखून वगळायला लावणं, हाताने करता आला पाहिजे. धातू नसलेली जागा बघायची, बटण दाबून धरायचं आणि कॉइल जमिनीपासून चार बोटांवरून गुडघ्याच्या थोडं खालपर्यंत वर-खाली हलवत राहायची. आवाज विरत जातो आणि मग एका क्षणी यंत्र गप्प होतं. त्याच शेतात बांधाजवळची मुरमाड पट्टी आली की पुन्हा करायचं, ओल बदलली की पुन्हा. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर नेण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण आमच्या मातीत दोन पायऱ्या खाली ठेवली की उलट जास्त सापडतं, कारण खरा आवाज गोंगाटातून वेगळा काढता येतो.

खोलीबद्दलचे दावे विसरा. पैशाएवढं तांब्याचं नाणं मला इथे वीतभराच्या आतच लागलं, बहुतेक वेळा त्याहून वर. त्याची मला अजिबात खंत नाही. नांगराने दरवर्षी उलथापालथ होणारा थर तेवढाच असतो. त्याच्या खाली जे आहे ते अजून आपल्या जागी आहे आणि तिथे हात घालायचा अधिकार प्रशिक्षित माणसाचा.

काळ्या मातीची आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात ती फाटते. वैशाखात आमच्या शेतात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा असतात. वरची वस्तू भेगेत पडते, पावसाळ्यात माती फुगून भेग मिटते आणि नाणं खाली गाडलं जातं. दुसऱ्या वर्षी फुगणारी माती खालचं वर ढकलते. त्यामुळे "जास्त खोल म्हणजे जास्त जुनं" हा हिशोब इथे लावूच नका. १९५७ नंतरचा नया पैसा मला सव्वाशे वर्षं जुन्या नाण्याच्या खाली मिळालाय. शिवाय शेणखत. गावातला उकिरडा गाडीत भरून शेतात पसरतात, त्याच्याबरोबर घरातलं हरवलेलंही शेतात येतं. शेतात मिळालेली प्रत्येक वस्तू शेतात पडलेली नसते.

वेळ कोणती? सोयाबीन निघाल्यावर आणि गहू-हरभरा पेरण्याआधी मिळणारे थोडे दिवस सोन्यासारखे. जमीन मऊ असते, ओल बेताची असते, पिकाचं नुकसान नाही. मे महिन्यात ढेकळं दगडासारखी होतात आणि पावसाळ्यात तर कॉइललाच किलोभर चिखल लागतो. दुसरी अडचण विजेची. थ्री-फेज आली, विहिरीवरचा पंप सुरू झाला की यंत्र बडबडायला लागतं. फ्रिक्वेन्सी थोडी सरकवायची सोय आहे, तिने फरक पडतो, पण मी सरळ वीज नसतानाचे तास धरतो. हेडफोन हवेतच.

सापडतं काय? मुख्यतः लोखंड. बैलाचे नाल, गाडीच्या धावेचे तुकडे, खिळे, फाळाची टोकं. लोखंड वगळायची सोय चालू ठेवली तरी मोठा गंजलेला तुकडा चांगल्या धातूचा आवाज काढून फसवतो. त्यानंतर ॲल्युमिनियम: औषधांच्या पाकिटांचं, बाटल्यांच्या झाकणांचं. पडद्यावर धातूचा अंदाज देणारा आकडा ७० दाखवो की ८०, खणल्याशिवाय कळत नाही. त्यातून मग बैलाच्या गळ्यातलं पितळी घुंगरू, चुन्याची डबी, एक चांदीचं जोडवं. जोडवं मामींना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं बाई, असं वळण माझ्या सासूबाईंच्या जोडव्यांना होतं." ते मी नोंदवहीत त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलंय.

नाण्यांत सर्वात जास्त मिळाले ते १९४३ ते १९४७ मधले भोकाचे पैसे आणि एडवर्ड-जॉर्जचे पाव आणे. पण ज्याच्यासाठी हे सगळं करावं असं वाटलं ते नाणं बांधाच्या कडेला मिळालं. हिरवट काळा गोल, दोन्ही बाजू सपाट वाटाव्यात इतकी माती चिकटलेली. काही दिवस डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवलं, पाणी बदलत गेलो. मग बाभळीच्या काट्याने, भिंग लावून, कडेकडेने माती उचलली. टेबलावरचा दिवा अगदी आडवा धरला तेव्हा आधी पाठीची रेघ दिसली, मग मुडपलेले पाय: बसलेला नंदी. दुसऱ्या बाजूला देवनागरीत "पाव आना" आणि खाली संवताचे आकडे, १९४५. विक्रम संवतातून ५७ वजा केले की १८८८. म्हणजे शिवाजीराव होळकरांची कारकीर्द, १८८६ ते १९०३. इंदूरच्या राजाचं, देवनागरी अक्षरांचं तांब्याचं नाणं, आणि ज्या मातीत ते चाललं त्याच मातीतून आपल्या हातात आलेलं. मामा बराच वेळ ते तळहातावर घेऊन बसले होते.

ओळख पटवायला मी काय वापरतो ते सांगतो, कारण डिटेक्टरइतकाच खर्च इथे सार्थकी लागतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, व्हर्निअर, लोहचुंबक, भिंग, आडवा प्रकाश. कंपनी सरकारचा १८३५ चा पाव आणा सुमारे साडेसहा ग्रॅम भरतो, ब्रिटिश रुपया ११.६६. झिजलेलं नाणं थोडं कमी भरेल, जास्त नाही. शिशाच्या गोळ्यांनाही हेच लागू: ब्राउन बेस या इंग्रज फौजेच्या जुन्या बंदुकीची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर व्यासाची आणि ३२ ग्रॅमच्या आसपास. मला मिळालेली शिशाची गोळी यापेक्षा खूप लहान निघाली, तेव्हा तिला कुठल्याही लढाईचं नाव दिलेलं नाही.

होळकरांच्या चांदीच्या रुपयांवर नाव बादशहा शाह आलमचं आणि फारसीत असतं, तेव्हा खुणा बघायच्या. महेश्वरच्या टांकसाळीच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचं पान, मल्हारनगरच्या म्हणजे इंदूरच्या रुपयावर सूर्याचा चेहरा. मला रुपया मिळालेला नाही. तांब्याचा एक चौकोनी तुकडा मात्र मिळाला, फारसी अक्षरांचे अवशेष असलेला. चौकोनी नाणी ही मांडूच्या सुलतानांची ओळख, विशेषतः पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या गियासशाहाची. अक्षरं पुरती लागत नाहीत, म्हणून वहीत "बहुधा माळवा सल्तनत" एवढंच लिहिलंय. महाराष्ट्रातले मित्र शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं, मिळाली का विचारतात. एकही नाही.

सफाईबद्दल कळकळीची विनंती: चिंच, लिंबू, मीठ, राख, तारेचा ब्रश यातलं काही लावू नका. तो हिरवा थर नाण्याचा शत्रू नाही, अक्षरं त्याच थरात टिकलेली असतात. तो खरवडला की राहतो तांब्याचा चकचकीत गोळा. फिकट हिरवी पावडर भुरभुरत असेल तर तो क्लोराइडचा रोग. असं नाणं वेगळं, कोरडं ठेवायचं आणि जाणकाराला दाखवायचं.

आणि वही. कुठल्या बांधापासून किती हात, किती खोल, माती कशी, शेजारी काय होतं, वजन, दोन्ही बाजूंचे फोटो. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या १८७६ च्या लढाईचं मैदान १९८४ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टरनेच तपासलं. प्रत्येक गोळी आणि काडतूस जिथे मिळालं तिथली जागा मोजून नकाशावर घेतली, काडतुसांवर बंदुकीच्या पिनने उमटलेल्या खुणा जुळवल्या आणि एकेक बंदूक मैदानावर कशी सरकत गेली ते काढलं. लोकांनी त्या गोळ्या आधीच खिशात घालून नेल्या असत्या तर यातलं काहीच कळलं नसतं. म्हणून क्षिप्रेकाठी महिदपूरला, जिथे २१ डिसेंबर १८१७ ला होळकरांची फौज इंग्रजांशी लढली, यंत्र घेऊन जाण्याच्या बेतांना माझा स्पष्ट विरोध आहे. मांडूसारख्या संरक्षित जागी तर खणणं हा गुन्हाच. गावाचं नाव लिहीत नाही तेही याचसाठी. "गड़ा धन निकला" अशी एक अफवा पुरे, आठवड्यात शेताची चाळण होईल. आमच्याकडे कुणी विचारलं की मामा गंजक्या खिळ्यांची पिशवी पुढे ठेवतात, लोक हसतात आणि जातात.

कायद्याचं नीट वाचून घ्या. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ मध्ये जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायला सांगितलंय: काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे आणि कधी. न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मालक कुणी निघाला नाही आणि वेगळा करार नसेल तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश वर देऊन ती घेता येते. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. चौकोनी नाणं आणि नंदीचं नाणं, दोन्हींबद्दल मी अर्ज दिला आणि शिक्का मारलेली प्रत फाइलला लावली. एका जागी चार-पाच नाणी, खापरं किंवा विटांची रांग दिसली तर खुरपं तिथेच ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवायचं, हे मामांशी आधीच ठरलंय.

यंत्राच्या तक्रारी दोन. कॉइल दांड्याला जिथे बसते तिथला प्लास्टिकचा भाग काही महिन्यांत सैल झाला, आणि विक्रेत्याने सुटा भाग द्यायला फार वेळ लावला. तोवर रबरी वॉशर घालून चालवलं. दुसरी, अकरा इंची कॉइल खिळ्यांनी भरलेल्या जागी निरुपयोगी. लोखंड आणि नाणं एकाच वेळी तिच्याखाली येतं आणि नाण्याचा आवाज बुडतो. लहान कॉइल वेगळी घेतली आणि नंदीचं नाणं तिच्यावरच मिळालं, त्या पट्टीवरून मोठी आधी फिरवून झाली होती. बॅटरी दिवसभर आरामात पुरते. हातात धरायचा पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा छोटा डिटेक्टर) पहिल्याच दिवशी घ्या, नाहीतर ढेकळं फोडण्यात वेळ जातो आणि खुरप्याचा घाव नाण्यावर बसतो. पैसे मोजके असतील तर यंत्र थोडं स्वस्त घ्या, पण हाताने ग्राउंड बॅलन्स होणारं, आणि उरलेल्या पैशात लहान कॉइल, पिनपॉइंटर आणि तो वजनकाटा बसवा.