सहा इंजेक्टर, एकच कोड

ट्रकचे सहाही इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, बदलायचे होते. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, मी रीतसर काढलं होतं. ३० लिटर, स्वच्छ पिंपात, पातळी हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, खाली जाईपर्यंत. आमच्या इंजिनात इंजेक्टरच्या स्लीव्हभोवती, म्हणजे तो बसतो त्या नळीभोवती, हे पाणी खेळतं. इंजेक्टर ओढताना स्लीव्ह उचकटली की ते थेट सिलिंडरमध्ये. हेडमधलं डिझेलही सोडलं. पिस्टनवर पाणी साठो की डिझेल, ते दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. एवढी अक्कल होती मला. मुद्दाम सांगतोय, नाहीतर म्हणाल नवशिका होता.

फसलो डब्यांत. ६ नग, ‘नवे, सीलबंद’, कंपनीच्या दराच्या ६० टक्क्यांत, पैसे सगळे आगाऊ. विकणारा तांब्याच्या वॉशरपासून बोल्ट किती आवळायचे त्या टॉर्कपर्यंत सगळं अचूक बोलत होता, त्यालाच भुललो. आणि डबे उघडले कधी, तर कूलंट काढून झाल्यावर! आधी डबे उघडा, मग कूलंट सोडायच्या ड्रेन कॉकला हात लावा.

पहिल्या इंजेक्टरवरचा कोड कागदावर उतरवला. दुसरा लिहिताना वाटलं, चुकून तोच लिहिला की काय. तिसराही तोच. सहाही तेच. प्रत्येक इंजेक्टर कारखान्यात वेगळा तपासतात, म्हणून कोड वेगळा, म्हणून तर तो ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरायचा. हे मला माहीत होतं हो! तरी मनाशी म्हणालो, ‘एकाच लॉटचे असतील.’ या वाक्याची अजून लाज वाटते. पण जुने इंजेक्टर बाहेर, कूलंट पिंपात. कोण मागे फिरणार? बसवले.

ट्रक ४० मिनिटं चालला. पांढरा धूर, ठोके. टेस्ट बेंचवर, म्हणजे इंजेक्टर तपासायच्या यंत्रावर, कळलं: सहाही वापरलेले, घासून चमकवलेले, दोन नगांचे नोझल गळके. परतीची अट? ‘न बसवलेला माल, ७ दिवसांत.’ बसवण्याआधी निदान एक तरी बेंचवर लावून घ्या.

पोलीस म्हणाले, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?” बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक तक्रारीला बिल लागतं, आणि बिलावर फक्त ‘सुटे भाग, ६ नग’. ‘नवे’ हा शब्द बिलावर लिहून घ्या, फोनवरचं बोलणं कुणी धरत नाही. चौथ्या फेरीला एकाने तक्रार लिहून घेतली, त्यात ‘सहा इंजेक्शनं’. दुरुस्त करा म्हटलं तर नवा अर्ज, नवी रांग. मी काय औषधाचं दुकान काढलंय?

जुने इंजेक्टर भंगारात द्यायची घाई केली नव्हती, तेवढंच नशीब. काल तेच परत बसवायला पुन्हा ३० लिटर कूलंट काढलं.