पहिला वार, फक्त प्रत्युत्तर की पूर्ण बंदी? अण्वस्त्रांबद्दल मत ठरवण्याआधी

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यातली सहा महाराष्ट्रातली होती. ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि १० मे रोजी गोळीबार थांबला. त्या दिवसांत लोकलच्या डब्यात, कट्ट्यावर आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अणुबॉम्बची चर्चा ऐकू येत होती. कुणी म्हणत होतं, 'एकदाचा सोक्षमोक्ष लावा.' कुणी म्हणत होतं, 'दोघांनीही ही अस्त्रं मोडीत काढावीत.' भारताचं अधिकृत धोरण या दोन्हींच्या मधलं आहे. त्याची बाजू घेऊन बोलणारं माणूस मात्र क्वचितच भेटायचं.

ज्यांचं मत अजून ठरलेलं नाही, त्यांच्यासाठी या तिन्ही भूमिका शेजारी ठेवून पाहू. पहिली भूमिका सांगते की पहिल्या वाराचा हक्क हातात ठेवा. दुसरी आजची अधिकृत भूमिका आहे: अण्वस्त्रं ठेवायची, पण आपल्यावर अणुहल्ला (किंवा मोठा जैविक-रासायनिक हल्ला) झाला तरच वापरायची. तिसरी म्हणते की अण्वस्त्रबंदी करारावर सही करा आणि अण्वस्त्रं नष्ट करा. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण माझी नजर तिसरीकडे आहे. कारणं पुढे येतीलच.

एकाच किनाऱ्यावरची दोन माणसं

या वादाची दोन्ही टोकं आपल्याच किनाऱ्यावर दिसतात. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना नोव्हेंबर २०१६ मध्ये म्हणाले होते की 'पहिला वापर नाही' या वचनात भारताने स्वतःला का बांधून घ्यावं. हे आपलं वैयक्तिक मत आहे, असंही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं. ऑगस्ट २०१९ मध्ये राजनाथ सिंह पोखरणला गेले आणि म्हणाले की आजवर हे धोरण काटेकोर पाळलं आहे, पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून राहील. म्हणजे पहिली भूमिका केवळ कट्ट्यावरची नाही, ती मंत्र्यांच्या तोंडूनही आली आहे.

दुसरं नाव अॅडमिरल एल. रामदास यांचं. १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते, १९९० ते १९९३ या काळात नौदलप्रमुख. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळ राहिले आणि अण्वस्त्रमुक्तीच्या चळवळीत अग्रभागी उभे राहिले. भारत-पाकिस्तान शांततेच्या कामासाठी २००४ मध्ये त्यांना पाकिस्तानच्या इब्न अब्दुर रहमान यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. नि:शस्त्रीकरणाची मागणी करणारा माणूस युद्ध न पाहिलेला, भाबडा असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी रामदासांची कारकीर्द वाचावी.

पहिल्या वाराची बाजू

ही बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पाकिस्तानने असं कुठलंही वचन दिलेलं नाही. उलट २०११ मध्ये त्याने सुमारे ६० किलोमीटर पल्ल्याच्या 'नस्र' क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. त्याचा रोख सरळ आहे: भारतीय रणगाडे सीमा ओलांडून आत आले तर छोटा अणुबॉम्ब टाकू. मग भारताने हात बांधून का बसायचं? शत्रूच्या मनात अनिश्चितता राहिली तर तो दहशतवादी पाठवताना दहा वेळा विचार करेल, असा हा युक्तिवाद आहे.

अडचण अंमलबजावणीची आहे. पहिला वार करायचा म्हणजे समोरच्याची सगळी अस्त्रं एका फटक्यात संपवायला हवीत. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या जानेवारी २०२५ च्या अंदाजानुसार पाकिस्तानकडे सुमारे १७० आणि भारताकडे सुमारे १८० अण्वस्त्रं आहेत. पाकिस्तानची बरीचशी अस्त्रं वाहनांवरून हलवता येतात, लपवता येतात. त्यातली पाच जरी वाचली तरी ती कुठे येतील हे सांगायला तज्ज्ञ नको. बंदर, नौदल, रिझर्व्ह बँक आणि ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र हे सगळं एकट्या मुंबईत आहे.

भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांनी १९९९ मध्ये मुंबईपुरता हिशेब मांडला होता. हिरोशिमावर पडला तेवढा, म्हणजे साधारण १५ किलोटनचा एकच बॉम्ब पडला, तर अल्पावधीत दीड लाखांहून अधिक ते आठ लाखांहून अधिक माणसं मरतील. बॉम्ब कुठे पडतो, किती उंचीवर फुटतो, तिथली वस्ती किती दाट आहे, यावर आकडा खालीवर होतो. भाजलेल्यांसाठी आपल्याकडे ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर आहे, भायखळ्याचं मसीना आहे, कस्तुरबा आहे. एखाद्या कारखान्यात आग लागली तरी तिथे धावपळ उडते. हजारो भाजलेली माणसं एका दुपारी आली तर त्यांना पुरेल एवढी सोय जगातल्या कुठल्याच शहरात नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्या वाराचे समर्थक सहसा बोलत नाहीत. भारत आधी मारेल असं वाटू लागलं, तर संकटाच्या वेळी पाकिस्तानची घाई वाढते. अस्त्रं नष्ट होण्याआधी वापरून टाकावीत, हा विचार तिथल्या सेनापतींच्या मनात बळावतो. म्हणजे ज्या धमकीने सुरक्षितता वाढायला हवी, तीच आपल्या शहरांवरचा धोका वाढवते.

अपघाताचा प्रश्न

तुलनेत मी सर्वांत जास्त वजन याच मुद्द्याला देतो. ९ मार्च २०२२ रोजी भारतातून एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटक नव्हतं, कुणी दगावलं नाही. पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. पाकिस्तानने त्या दिवशी उलट वार केला नाही.

आता हीच घटना दुसऱ्या परिस्थितीत कल्पून पाहा. सीमेवर तणाव आहे, भारताने पहिल्या वाराचा हक्क जाहीर केलेला आहे आणि पाकिस्तानच्या रडारवर भारतातून येणारं एक क्षेपणास्त्र दिसतं. दोन्ही देशांच्या शहरांमधला क्षेपणास्त्राचा प्रवास मोजक्या मिनिटांचा आहे. अमेरिका-रशियाला समुद्रांमुळे मिळतो तेवढाही वेळ इथे नाही. त्यांच्याकडेही २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकी हल्ल्याचा खोटा इशारा दिला होता. पाळीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी तो खोटा असल्याचं ठरवलं, म्हणून पुढचं टळलं.

अपघाताच्या कसोटीवर 'फक्त प्रत्युत्तर' हे धोरण पहिल्या वारापेक्षा खूप वरचढ ठरतं. ज्याला आधी मारायचंच नाही, त्याला अस्त्रं सतत सज्ज ठेवावी लागत नाहीत. भारत शांततेच्या काळात अण्वस्त्रं क्षेपणास्त्रांपासून वेगळी ठेवतो, असं अनेक वर्षं मानलं जात होतं. अलीकडे मात्र बंद नळीत ठेवलेली क्षेपणास्त्रं आणि पाणबुड्यांची गस्त यामुळे काही अस्त्रं आधीच जोडून ठेवण्याकडे कल असावा, असं सिप्रीही नोंदवते. सध्याच्या धोरणाच्या समर्थकांनी यावर गप्प बसू नये. वचन तेच राहून सज्जता वाढत गेली, तर वचनाचा अर्धा फायदा निघून जातो.

चीनचं उदाहरण

'पहिला वापर नाही' हे वचन चीनने १९६४ मध्ये पहिल्या चाचणीच्या वेळीच दिलं. जून २०२० मध्ये गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले. चकमक दगडांनी आणि खिळे ठोकलेल्या दांड्यांनी झाली. दोन्ही देश अण्वस्त्रधारी, दोघांचंही वचन, आणि कुठल्याही राजधानीतून अणुबॉम्बचं नाव निघालं नाही. याच्याशेजारी १९९९ चं कारगिल ठेवा. तेव्हा इस्लामाबादहून उघड इशारे दिले जात होते.

कागदावरच्या वचनाची पडताळणी होत नाही, हा आक्षेप खरा आहे. चीनचा साठाही सुमारे ६०० वर गेला आहे आणि तो वेगाने वाढतो आहे. तरीही प्रत्यक्ष संकटात हे वचन कसं वागतं याचा पुरावा आपल्या हिमालयातच आहे आणि तो दुसऱ्या भूमिकेच्या बाजूने जातो.

पैशाचा हिशेब

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये होते, म्हणजे केंद्राच्या एकूण खर्चाच्या १३ टक्क्यांहून थोडे अधिक. त्यातले जवळपास १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे आणि १.८० लाख कोटी नवी शस्त्रं, विमानं, जहाजं यांसाठीचे. त्याच वर्षी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला एक लाख कोटींच्या आसपास आणि शिक्षण मंत्रालयाला १.२९ लाख कोटींच्या आसपास मिळाले. हे आकडे शेजारी ठेवून लगेच ओरड करू नये. आरोग्य आणि शिक्षणाचा मोठा भाग राज्यं उचलतात, संरक्षणाचा उचलत नाहीत.

खरी गैरसोय वेगळीच आहे. अण्वस्त्रांवर नेमका किती खर्च होतो, हे अर्थसंकल्पात एका ओळीत कुठेच दिसत नाही. तो अणुऊर्जा विभाग, डीआरडीओ, नौदल असा विखुरलेला आहे. करदात्याला 'महाग की स्वस्त' हे ठरवताच येत नाही.

तरी एक गोष्ट ताडून पाहता येते. मे १९९८ च्या चाचण्यांनंतर सांगितलं जायचं की बॉम्ब आला, आता मोठ्या फौजेवरचा खर्च आटोक्यात येईल. दुसऱ्याच वर्षी कारगिल झालं आणि २०००-०१ चा संरक्षण अर्थसंकल्प एका झटक्यात सुमारे २८ टक्क्यांनी वाढून ५८,५८७ कोटींवर गेला. बॉम्बने तोफा, चिलखती गाड्या, बर्फातले बूट यांपैकी कशाचाही खर्च वाचवला नाही.

तिन्ही भूमिकांत पहिली सर्वांत महाग आहे. शत्रूचा प्रत्येक ट्रक शोधणारे उपग्रह, एका क्षेपणास्त्रात अनेक अस्त्रं (मार्च २०२४ मधली अग्नी-५ ची 'दिव्यास्त्र' चाचणी तशीच होती), उरलेल्या प्रतिहल्ल्यासाठी क्षेपणास्त्रविरोधी कवच, हे सगळं तिला लागतं. दुसरीला मर्यादित साठा आणि शत्रूच्या हल्ल्यातून वाचणारं थोडं बळ पुरतं. अरिहंत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नौदलात आलेली अरिघात या पाणबुड्या त्यासाठीच आहेत. त्याही स्वस्त नाहीत, पण त्यांना शर्यतीत धावायचं नसतं. तिसरी भूमिका दीर्घकाळात सर्वांत स्वस्त आहे, यात वादच नाही.

मग तिसरी का नाही?

अण्वस्त्रबंदी करार ७ जुलै २०१७ रोजी १२२ देशांच्या मतांनी मंजूर झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यामागच्या 'आयकॅन' या मोहिमेला २०१७ चं शांततेचं नोबेल मिळालं. २०२४ चं नोबेल हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्यांच्या 'निहोन हिदान्क्यो' संघटनेला मिळालं. अण्वस्त्रधारी नऊ देशांपैकी एकानेही या करारावर सही केलेली नाही. भारत वाटाघाटींनाही गेला नाही. जिनिव्हाची नि:शस्त्रीकरण परिषद हीच योग्य जागा, असं आपलं म्हणणं आहे. ती परिषद मात्र गेली कित्येक वर्षं ठप्प आहे.

जुना अण्वस्त्रप्रसारबंदी करार, म्हणजे एनपीटी, भारताने पक्षपाती म्हणून नाकारला. ही तक्रार रास्त होती. १९६७ पूर्वी बॉम्ब फोडलेल्या पाच देशांना सूट आणि बाकीच्यांना बंदी, असं त्याचं स्वरूप होतं. नवा करार सगळ्यांना एकच नियम लावतो. म्हणजे पक्षपाताचा जुना आक्षेप त्याला लागू पडत नाही, आणि ही गोष्ट दिल्लीत फारशी कुणी मोठ्याने बोलत नाही.

तिसऱ्या भूमिकेविरुद्ध युक्रेनचं उदाहरण नेहमी दिलं जातं. १९९४ च्या बुडापेस्ट हमीपत्रात रशियासह मोठ्या देशांनी सुरक्षेची हमी दिल्यावर युक्रेनने आपल्या भूमीवरची सोव्हिएत अस्त्रं रशियाकडे सोपवली, आणि २०१४ व २०२२ मध्ये त्याच रशियाने हल्ला केला. धडा कटू आहे. एवढंच की त्या अस्त्रांच्या किल्ल्या मॉस्कोत होत्या, त्यामुळे भारताची स्थिती तंतोतंत तशी नाही. उलट बाजूला दक्षिण आफ्रिका आहे. तिने स्वतः बनवलेले सहा बॉम्ब स्वतःहून मोडले, १९९१ मध्ये एनपीटीत प्रवेश केला आणि १९९३ मध्ये ते जगाला सांगितलं. तिच्या सीमेवर अण्वस्त्रधारी शेजारी नव्हते, हेही त्यासोबत सांगायला हवं. आपल्याला दोन आहेत. म्हणून एकतर्फी सही मला आज पटत नाही.

पण आज पटत नाही म्हणून कधीच नको, असा त्याचा अर्थ लावू नये. २ एप्रिल १९५४ ला नेहरूंनी अणुचाचण्या थांबवण्याची हाक दिली. जून १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने अण्वस्त्रमुक्तीचा आराखडा मांडला. ही आपलीच परंपरा आहे. अण्वस्त्रबंदी कराराच्या २०२२ च्या व्हिएन्ना बैठकीला जर्मनी, नॉर्वेसारखे नाटो देश निरीक्षक म्हणून बसले. भारतालाही तसं बसता येईल. त्यासाठी एकही अस्त्र कमी करावं लागत नाही.

शेजाऱ्यांशी काहीच जमत नाही, हेही खरं नाही. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ ला केला. १९९२ पासून युद्ध असो वा अबोला, दरवर्षी १ जानेवारीला केंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण होत आली आहे.

कुणी काय निवडावं

तुम्हाला सूड महत्त्वाचा वाटत असेल तर पहिली भूमिका आकर्षक वाटेल. ती निवडण्याआधी ठाणे, डोंबिवली, पनवेल इथली आपली माणसं डोळ्यांसमोर आणा. अण्वस्त्रं बाळगणंच अनैतिक वाटत असेल तर तिसरीकडे जा, पण तिथे जाऊन दुसरीवर हल्ला करू नका. आज वचन मोडलं तर फायदा पहिलीचाच होणार आहे. आणि सुरक्षितता, खर्च, अपघात या तिन्हींचा मेळ हवा असेल तर दुसरी घ्या, आणि तिची बाजू उघडपणे मांडा.

कारण ती वाटते तेवढी पक्की नाही. 'पहिला वापर नाही' हा कायदा नाही. तो मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीने ४ जानेवारी २००३ ला जाहीर केलेला निर्णय आहे आणि पुढची समिती तो एका बैठकीत बदलू शकते. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ खासदार आहेत, गोव्याचे २. तुमच्या खासदाराला दोन प्रश्न विचारा: हे वचन संसदेच्या ठरावात आणायला तुमचा पाठिंबा आहे का, आणि अण्वस्त्रांवरचा खर्च, निदान एकूण आकडा, संसदेपुढे ठेवावा अशी मागणी तुम्ही कराल का?