गणपती पेठेमागचं जुन्या पुस्तकांचं दुकान: जुन्या पिक्चरवाल्यांनी जावंच

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात हे दुकान आहे, बाहेरून नुसती रद्दी वाटते पण आत डावीकडं खालच्या कप्प्यात जुन्या पिक्चरच्या व्हीसीडी आणि गाण्यांच्या चोपड्या रचून ठेवल्यात. मी जुना पिक्चर बघितला की त्याच रात्री वहीत लिहून ठेवतो, त्यामुळं माझ्यासाठी हा खजिनाच आहे. परवा प्रभात फिल्म कंपनीचा १९३७ चा ‘कुंकू’ मिळाला, फक्त ४० रुपयाला!! व्ही. शांताराम यांचा. लावला आणि जागचा हललोच नाही, पार्श्वसंगीत नाहीच हो ह्यात, सगळे घरातले रोजचे आवाज, आणि पिक्चरमधल्या म्हाताऱ्या वकील नवऱ्याचं भिंतीवरचं घड्याळ, ते टिकटिक करायला लागलं की त्याचं सरलेलं वय आपल्यालाच ऐकू येतं. त्याच्याशी फसवून लग्न लावून दिलेली तरुण नीरा, म्हणजे शांता आपटे, तिचं तर काय सांगू, वहीची चार पानं तिच्यावरच गेली.

दुसरी डिस्क शेवटाकडं अडकत होती, घासलेली होती. परत नेली तर मालकांनी एक शब्द न बोलता बदलून दिली, आधी स्वतःच्या प्लेयरवर लावून दाखवली. चोपड्या मात्र महाग वाटल्या, एकीची पिन गंजून पानं सुटलेली तरी दीडशे सांगितले. तरी घेतलीच.

दुपारी १ ते ४ बंद असतं, संध्याकाळी निवांत जावा, आणि वरच्या कप्प्यातलं पण काढून दाखवा म्हणून सांगा, आपणहून दाखवत नाहीत.