शिबिरातल्या सात रात्री, आठ महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये माझी अकरा वर्षांची मुलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढच्या जंगलपट्ट्यातल्या एका निवासी शिबिरात सात रात्री राहून आली. आता डिसेंबर चालू आहे. ती परत आली त्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, नाहीतर नुसता राग. म्हणून मुद्दाम थांबले. पुढचं सगळं तिला विचारून लिहिते आहे.

पाठवायचं कारण बेळगावातल्या मराठी घरांना लगेच कळेल. आमच्याकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या, शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुटतात आणि मे संपता संपता भरतात. कोल्हापूर, गडहिंग्लजची भावंडं मोकळी होईपर्यंत आमची बरीच सुट्टी संपलेली असते. मुलगी एकटी, आम्ही दोघं कामावर, आज्जीचे गुडघे दुखतात. साडेनऊ हजार रुपये भरले. आमच्या घराला ही रक्कम लहान नाही.

दिवसाचे कार्यक्रम चांगले होते. पक्षी ओळखणं, दोरीच्या गाठी, मातीकाम, एक दिवस कणकुंबीला मलप्रभेचा उगम. जेवण साधं, पोटभर. जंगलातून आल्यावर रोज पाय, मान, कानामागं गोचीड बघायला लावत, हे मला फार पटलं. माकडताप गोचिडांतूनच पसरतो. तो १९५७ साली शिवमोग्गा भागात पहिल्यांदा सापडला, आणि उन्हाळ्याचे महिने त्याच्याच हंगामात येतात.

मला सांगायचंय ते रात्रीबद्दल. पैसे भरण्याआधी मी वेळापत्रक वाचलं, खेळांची यादी वाचली, जेवणात काय असतं ते विचारलं. मुली झोपतात त्या खोलीत कोण असतं, संडास किती लांब आहे, रात्री दुखलं-खुपलं तर गाडी आहे का, यातलं काहीच विचारलं नाही.

संडास-न्हाणीघर अंगणापलीकडं होतं. वाटेवर एकच दिवा, आणि वळीव आला की वीज गेलीच. मुली अंधाराला भिऊन रात्रभर लघवी दाबून धरायच्या. माझ्या मुलीनं तर संध्याकाळनंतर पाणी पिणंच बंद केलं. घरी आली ती लघवीला जळजळ घेऊन. पाच दिवस औषध चाललं. डॉक्टरबाईंनी कारण विचारलं तेव्हा हे सगळं बाहेर पडलं. बॅटरी दिली होती मी, पण बॅटरीनं अकरा वर्षांच्या पोरीची भीती जात नाही. सोबत लागते.

तिसऱ्या रात्री तिला पहिल्यांदा पाळी आली. पिशवीत मी पॅड ठेवले होते, पण अजून वर्षभर तरी अवकाश आहे असं धरून नीट समजावून सांगितलं नव्हतं. ती चूक माझी. खोलीत झोपणारी अक्का धारवाडकडची, तिला मराठी येत नव्हतं. माझी मुलगी मराठी माध्यमातली, तिचं कन्नड पुस्तकापुरतं. तिला एवढंच सुचलं, ‘अक्का, होट्टे नोवु.’ पोट दुखतंय. अक्कानं उठून बघितलं, पाणी तापवून दिलं, पॅड कसं लावायचं ते दाखवलं, कुणाला कळायच्या आत चादर बदलली आणि ती झोपेपर्यंत डोक्यावरून हात फिरवत बसली. सकाळी तिची भात वाढायची पाळी होती. तीही तिला नेहमीसारखी करू दिली. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

पण मला कुणी कळवलं नाही. मुलींचे फोन जमा केलेले, तिथं रेंज नाही, हे मान्य. गाडी मात्र रोज खानापूरला जात होती आणि तिथून पालकांच्या फोनवरच्या गटावर फोटो येत होते. चौथ्या दिवसाच्या फोटोत माझी मुलगी हसत भात वाढताना दिसते. तो बघून मी निर्धास्त झोपले होते. खरी गोष्ट मला शेवटच्या दिवशी, परतीच्या वाटेवर मुलीच्या तोंडून कळली. संयोजकांना विचारलं, तर म्हणाले, तुम्ही काळजी करत बसला असता. आईनं काळजी करायची की नाही हे त्यांनी का ठरवावं?

माझी आणखी एक चूक. निघताना मी तिला म्हटलं होतं, ‘करमलं नाही तर सांग, लगेच न्यायला येते.’ त्यामुळं पहिले दोन दिवस ती फक्त माझी वाट बघत होती, असं तिनंच नंतर सांगितलं. आता मी मैत्रिणींना सांगते, असं वचन देऊ नका. त्यापेक्षा आधी मामाकडं, आत्याकडं दोन रात्री एकटीला ठेवून बघा.

आठ महिन्यांनी काय उरलं? अंथरूण स्वतः घालणं जूनपर्यंत टिकलं, मग गेलं. वेगळ्या खोलीत झोपणं मात्र टिकलं. कन्नड टिकलं, हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. हुबळीच्या एका मुलीशी ती दर रविवारी माझ्या फोनवरून बोलते, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. बसमध्ये कंडक्टरशी आता तीच बोलते, मी गप्प उभी असते.

घरातही एक बदल झाला. मे महिन्यात पाळी आली तेव्हा आज्जीनं तिला बाजूला बसायला सांगितलं. ती म्हणाली, ‘आज्जी, अक्कानं मला भात वाढू दिला की.’ आज्जी काही बोलल्या नाहीत. दिवाळीत त्यांनी तिला चकल्या पाडायला शेजारी बसवलं, तेव्हा तिचा दुसरा दिवस होता. देवघराचं बोलणं अजून चालू आहे.

पुढच्या एप्रिलचा फॉर्म आलाय आणि तिला परत जायचंय. मी संयोजकांना तीन गोष्टी लेखी मागितल्यात: संडासाच्या वाटेवर वीज गेली तरी चालणारा दिवा, प्रत्येक खोलीत तीच बाई सातही रात्री, आणि आजारपण किंवा पाळी असेल तर त्याच दिवशी आईला निरोप. पहिल्या दोन्हींना होकार आलाय. तिसऱ्याचं उत्तर येईपर्यंत पैसे भरायचे नाहीत, असं मुलीला सांगून ठेवलंय. रोज शाळेतून आल्यावर ती विचारते, आलं का उत्तर.